कठड्यापलीकडचा भोपळा

२ फेब्रुवारी, रविवार

सोफा अडकला!

मी काढलेला नकाशा, मी ठरवलेली रुंदी, मी स्वतः मापलेलं जिन्याचं वळण — आणि त्या वळणावर माझाच सोफा. ना पुढे, ना मागे. हमाल माझ्याकडे बघतायत, नवरा छताकडे. एक हमाल म्हणाला, "हा जिना कुठल्या शहाण्याने काढलाय हो?" नवऱ्याला एकदम खोकल्याची उबळ आली. मी म्हटलं, असेल कोणीतरी.

वळण अरुंद का, ते मला पक्कं ठाऊक आहे. प्रत्येक घराच्या स्वयंपाकघराबाहेर एक वाफा हवा होता. कुंडी नाही — खराखुरा वाफा, गुडघाभर मातीचा. त्याला जागा हवी. ती मी जिन्याच्या पोटातून चोरली. कागदावर कोणाला कळतंय? कागदावर कोणी सोफा घेऊन चढत नाही.

सासूबाई शांतपणे त्या अडकलेल्या सोफ्यावर जाऊन बसल्या. जाणाऱ्या-येणाऱ्याला पाय आखडून वाट देत, चौकशा करत. संध्याकाळपर्यंत निम्मी इमारत त्यांच्या ओळखीची! मला अजून पाण्याचा मुख्य नळ कुठे ते सांगणारा माणूस भेटलेला नाही. आणि नळ कुठे ठेवायचा हेही मीच ठरवलं होतं.

३ फेब्रुवारी

सोफ्याचे पाय कापले. गेला आत.

घर पाहावं बांधून म्हणतात. बांधून पाहिलं होतं. राहून पाहायचं राहिलं होतं.

९ फेब्रुवारी, रविवार

इथे राहायला येणं ही माझी हौस नव्हे. बिल्डरची अट. त्याला नदीपलीकडे अशाच आणखी तीन इमारती उठवायच्या आहेत. म्हणाला, "मॅडम, घराचं घर, शेताचं शेत — ऐकायला गोड आहे. पण लोक खरंच पिकवतात का, ते बघू. तुम्हीच राहा तिथे. रहिवासी नको म्हणाले तर पुढच्या इमारतींना नुसती फरशी. सपाट!" 'सपाट' म्हणताना त्याने टेबलावरून इस्त्री फिरवल्यासारखा हात फिरवला.

इमारत पायऱ्यापायऱ्यांची आहे. प्रत्येक मजला वरच्यापेक्षा थोडा पुढे आलेला — म्हणजे प्रत्येकाच्या वाफ्यावर थेट आकाश. खालच्याचं छत ते वरच्याचं शेत. आंघोळीचं पाणी गाळून वाफ्याला जातं. कितीतरी वर्षं हेच डोक्यात घेऊन फिरत होते. बाकीचे लोक आमच्या आधी राहायला आलेत, म्हणून आज सगळ्या मजल्यांवर फेरी मारली. पीक बघायला.

पीक! एका वाफ्यात सायकल. एकावर मोजे वाळत घातलेले. सगळ्यात वरच्या मजल्यावर व्हायोलिन शिकवणाऱ्या बाई राहतात, त्यांनी सूर्यफुलं लावलीत. रोज सकाळी त्यांना वाजवून दाखवतात. फुलं तोंड फिरवून उभी.

आणि आमच्या बरोब्बर खाली राहणारे दातांचे डॉक्टर, कमिटीचे अध्यक्ष — त्यांनी वाफा फळ्यांनी झाकून वर प्लास्टिकची हिरवळ अंथरली आहे! म्हणाले, "कसं आहे, मॅडम, ही मरत नाही, वाढत नाही, चिखल करत नाही. आदर्श रहिवासी."

हसू की रडू कळेना. हसले. शेजार आहे.

१२ फेब्रुवारी

हे कोणाला कळता कामा नये — मी आयुष्यात कधी काही पेरलेलं नाही. शहरातल्या शेतीवर भाषणं दिली आहेत. टाळ्याही मिळाल्यात. पण कोथिंबीर मी फक्त जुडीवरून ओळखते.

आज पेरली. दाराला कडी लावून. कोणी बघू नये म्हणून.

१ मार्च

कोथिंबीर नाही. मेथी नाही. टोमॅटोचं एक रोप आलं, ते कबुतराने उपटलं. खाल्लंही नाही, नुसतं उपटून ठेवलं. अपमान करायला.

सासूबाई रोज सकाळी चहाचा कप घेऊन वाफ्याशी येतात, वाकून बघतात आणि म्हणतात, "आजही प्रयोग रद्द वाटतं." जन्मभर नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीवर बसल्या, त्यामुळे बोलतात थोडं आणि सुट्टे पैसे परत दिल्यासारखं.

खरं सांगायचं तर माझ्या नकाशात सासूबाई नव्हत्या. त्यांना जुनी भाड्याची जागा सोडावी लागली आणि नकाशातली 'अभ्यासिका' त्यांची खोली झाली. हे मी इस्त्रीच्या टेबलावर लिहिते आहे. कोपर लागलं की टेबल मिटतं.

चिडायचं नाही असं ठरवलंय. ठरवलंय!

१६ मार्च, रविवार

उगवलं!!

दोन जाडजूड पानं, माती डोक्यावर घेऊन वर आलेली. मी जिथे काहीच पेरलं नव्हतं तिथे. मी नवऱ्याला ओरडून बोलावलं. तो चष्म्याचं दुकान चालवतो, त्याने भिंग आणून तपासणी केली. "वनस्पती आहे," म्हणाला. धन्य!

सासूबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतूनच बोलल्या. "भोपळा असेल. गेल्या पंधरवड्यात चिरला त्याचा गर आणि बिया मी तिथेच टाकल्या. कचऱ्याच्या डब्यापर्यंत कोण जातंय!"

म्हणजे माझ्या पहिल्या पिकाचं कारण — आळस. माझा नव्हे, त्यांचा.

६ एप्रिल, रविवार

वेल सुटलाय. काल कपड्यांच्या दोरीला धरलं, आज पोछ्याच्या दांडीला. नवरा खुर्ची टाकून वाचत बसला होता, उठला तेव्हा खुर्ची उठेना. सासूबाईंनी वेलाला तीन-चार ठिकाणी कसला कसला आधार दिलाय आणि शेंडा कठड्याकडे वळवलाय. "मोठा झाला की बाहेर पडायचंच," म्हणतात. नवऱ्याकडे बघून.

बेडरूमच्या पडद्याचा दांडा सापडत नाही. सामान हलवताना गेला वाटतं. नवरा सकाळी तोंडावर ऊन आलं की उठून बसतो आणि इमारतीची दिशा कोणी ठरवली ते विचारतो.

१३ एप्रिल

वेल कठडा ओलांडून खाली उतरला. डॉक्टरांच्या खिडकीसमोर.

खालून हाक आली. "आजी! ओ आजी! तुमचा वेल माझ्या हद्दीत आलाय!"

सासूबाई कठड्यावरून वाकल्या. "आजी कोणाला म्हणता? तुमचं वय काय?"

मग वय सांगितलं त्यांनी. माणूस खरा.

"म्हणजे माझ्याहून मोठे. मग मी तुम्हाला पणजोबा म्हणू का?"

विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणतात ते हे. भोपळा आमच्याकडे आहेच. विळा खालच्या मजल्यावर राहतो.

२७ एप्रिल, रविवार

फुलंच फुलं — पिवळीधमक, माझ्या तळहातापेक्षा मोठी. फळ एकही नाही. वाचून काढलं. नराचं फूल वेगळं, मादीचं वेगळं, मधमाश्या लागतात, आणि मधमाश्या आमच्या मजल्यापर्यंत चढायला तयार नाहीत. मग माणसाने हाताने परागकण लावायचे. ब्रशने.

नवऱ्याने दुकानातून काचा पुसायचा मऊ ब्रश आणला. सासूबाई कठड्याशी. मी त्यांच्या कमरेला धरून मागे. मादीचं एकमेव फूल कठड्यापलीकडे लटकत होतं.

"अगं, धर नीट! पडले तर डॉक्टरांच्या हिरवळीवर पडेन, आणि ते भाडं लावतील."

"आई, हलू नका ना!"

"आमच्या वेळी नुसतं बघून ठरायचं," त्या ब्रश फिरवत म्हणाल्या. "हे पहिलंच लग्न मी हाताने लावतेय."

इतक्या हसलो आम्ही की ब्रश खाली पडला. डॉक्टरांनी तो संध्याकाळी धुऊन परत केला. पाकिटात घालून!

११ मे

लग्न लाभलं. भोपळा धरलाय. मुठीएवढा होता, आता फुटबॉलकडे निघालाय. वजनाने देठ तुटेल म्हणून सासूबाईंनी माझ्या ओढणीची झोळी करून त्याला कठड्याला टांगलंय. विचारलं नाही. नेमकी माझी आवडती ओढणी.

डॉक्टर रोज सकाळी खालून तक्रार करतात. "उजेड अडतोय." "मुंग्या येतात." आज म्हणाले, "डाव्या बाजूला जरा फिकट दिसतोय, ऊन लागत नसावं. फिरवा थोडा."

सासूबाईंनी फिरवला. मग माझ्या कानात — "रोज तक्रार करतो म्हणजे रोज बघतो."

२५ मे, रविवार

वाईट दिवस.

डॉक्टरांच्या दिवाणखान्याच्या छतावर ओल आली आहे. आमच्या वाफ्याच्या अगदी खाली. आधी रुपयाएवढी होती म्हणे, आता ताटाएवढी. मी खुर्चीवर चढून हात लावला. गार. बोट ओलं झालं.

डॉक्टर चिडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमच्याविरुद्ध माझं काही नाही. पण आज माझ्याकडे आहे, उद्या सगळ्यांकडे असेल. माती घराबाहेर असते त्याला कारण आहे." येत्या आठ जूनला रविवारी सभा. प्रस्ताव — सगळे वाफे काढून फरशी घालावी. बिल्डरलाही बोलावलंय.

कोणाला काय सांगू? हीच भीती होती. पाण्याचा थर, मातीचा थर, रात्रंदिवस तेच घोटलं होतं. तरी गळलं! नाचता येईना अंगण वाकडं असं आयुष्यभर लोकांना ऐकवत आले. इथे अंगणही माझंच.

२६ मे

जेवले नाही. सासूबाईंनी ताट झाकून ठेवलं.

१ जून, रविवार

ओल कुठून येते ते बघायला वाफा उकरला. वेलाच्या मुळाला धक्का न लावता, हाताने, कडेकडेने. एका कोपऱ्यात बोटांना लोखंड लागलं. वेलाला बांधलेला उभा आधार — मी रोज बघत होते, काठी समजत होते. हिरव्या दोऱ्याने नखशिखान्त गुंडाळलेला.

दोरा सोडवला. आमच्या पडद्याचा दांडा!

मातीतून आरपार, वॉटरप्रूफिंगच्या थरातून आरपार, खालच्या काँक्रीटपर्यंत ठोकलेला. हातोडीने. टोकाला गंज, आणि भोवती पाणी गोळा झालेलं.

इतका आनंद झाला की लाज वाटली. माझं गणित चुकलं नव्हतं! सभेत हा दांडा टेबलावर ठेवायचा, बस्स. प्रस्ताव खलास.

आणि मग कळलं की दांड्याबरोबर सासूबाईही टेबलावर येतील. सगळ्या इमारतीसमोर. त्या डॉक्टरांसमोर. ज्या बाईने जन्मभर शेकडो माणसांना रांगेत उभं केलं, तिला मी उभं करायचं? आपलेच दात, आपलेच ओठ.

दांडा इस्त्रीच्या टेबलाखाली ठेवलाय. नवऱ्यालाही सांगितलं नाही. तो अजून उन्हाने उठतो.

५ जून

एक गोष्ट मनातून जात नाही. ज्या वाफ्यात माणूस वेल लावणार, तो वेलाला आधार देणार. आधार हवा तर काहीतरी ठोकणार. मी आधाराला कुठे जागा ठेवली होती? कठड्याला एक कडीसुद्धा नाही. कागदावरचा वेल स्वतःच उभा राहतो.

सासूबाई दोन दिवस गप्प आहेत. वाफ्यातला दांडा नाही हे त्यांनी पाहिलंय. मी पाहिलंय की त्यांनी पाहिलंय. दोघी हवापाण्यावर बोलतो.

८ जून, रविवार

सभा झाली. सगळं लिहून ठेवते.

डॉक्टरांच्याच दिवाणखान्यात भरवली, ओल सगळ्यांना दिसावी म्हणून. सगळे माना वर करून. बिल्डर कोपऱ्यात, घड्याळाकडे बघत. डॉक्टर म्हणाले, "मॅडमनी खुलासा करावा."

मी उभी राहिले. म्हटलं, थर फुटला आहे. वेलाला आधार लागणार हे मी धरायला हवं होतं, ते धरलं नाही. दोष माझ्या नकाशाचा आहे. दुरुस्त करून देते, पण शिक्षा वाफ्यांना देऊ नका —

"बस गं खाली."

सासूबाई उठल्या होत्या. "दांडा मी ठोकला. पडद्याचा. हातोडीने. खाली काहीतरी फुटल्यासारखं वाटलं, म्हटलं दगड असेल, आणखी दोन घाव घातले. हिने परवा उकरून काढलाय आणि लपवून ठेवलाय."

"पडद्याचा!" नवरा म्हणाला. एवढंच.

डॉक्टर चष्म्यावरून बघत राहिले. "मग तुम्ही त्यांना बोलू का दिलंत?"

"मला काय माहीत ती हे बोलणार! मला वाटलं ही माझं नाव घेणार. मी भांडायची सगळी तयारी करून आले होते." आणि त्यांचा आवाज फुटला. पहिल्यांदा. मी बघितलं नाही, मला बघवलं नाही, मी छतावरची ओलच बघत बसले.

तेवढ्यात बाहेर — धप्प!

सगळे धावले. झोळीची गाठ सुटली होती. भोपळा डॉक्टरांच्या प्लास्टिकच्या हिरवळीवर बसला होता, ओढणी पांघरून, शाबूत. एक ओरखडाही नाही. व्हायोलिनच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या.

"माझ्या हिरवळीने वाचवला," डॉक्टर म्हणाले. काय तो चेहरा! जणू अवघड दाढ अखंड काढली.

"वेल माझा आहे," सासूबाई डोळे पुसत.

"पडला माझ्याकडे."

"मतदान राहिलंय," बिल्डरने आठवण केली.

ते तिथेच उभ्याउभ्या झालं, भोपळ्याभोवती. सायकलवाल्याने वाफे राहावेत म्हणून हात वर केला. सायकल तिथे सुरक्षित असते म्हणे! मोजेवाल्यांनीही केला, पुढच्या वर्षी वांगी लावायचा विचार आहे असं पुटपुटत. डॉक्टरांनी विरोधात मत दिलं. "तत्त्व म्हणजे तत्त्व." विरोधात ते एकटेच!

मग स्वतःच आत जाऊन सुरी घेऊन आले. भोपळा तिथेच कापला. ज्याला त्याला एकेक फोड, हातात धरून सगळे जिन्याने वर. मधली मोठी फोड डॉक्टरांनी ठेवून घेतली.

९ जून

सकाळी चहा सासूबाईंनी केला. माझ्यासमोर कप ठेवत म्हणाल्या, "इतक्या सरळ चेहऱ्याने खोटं बोलतेस? तिकीट खिडकीवर चालली असतीस."

"पूर्ण खोटं नव्हतं, आई."

"तेच तर. तसलंच चालतं तिथे."

दुपारी मिस्त्री फुटलेला थर सांधून गेला, संध्याकाळी दोघींनी मिळून वाफा बुजवला.

१५ जून

बिल्डरचा होकार! पुढच्या इमारतीचे नकाशे सुरू. वाफ्याखाली लोखंडी जाळी आणि कठड्याला कड्या, या दोन्ही त्याच्या सूचना आहेत असं त्याला वाटतंय. वाटू दे.

डॉक्टरांच्या छताला रंग लागला. रंग देताना सासूबाई खाली उभ्या राहून सूचना देत होत्या. ते वर शिडीवर, ब्रश हातात घेऊन, ऐकत नव्हते.

६ जुलै, रविवार

नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरलाय. सासूबाई शेजारी. मी रेघ ओढते, त्या खोड काढतात. नळ इथे नको, हात ओले घेऊन कुठे जायचं? कठडा खाली घे, बसून बोलता आलं पाहिजे. ही खिडकी कोणासाठी, आकाशासाठी का? आणि त्यांचं बरोबर असतं! कित्येक दिवसांत मी एकटी काम केलेलं नाही. करवतही नाही आता.

आज चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "यात एकट्या बाईचं घर कुठे आहे?"

नव्हतं. सगळी घरं कुटुंबांची.

"एकटीचं घर कोण घेणार, आई?"

"काढ तर खरं."

काढलं. स्वयंपाकघरातून सरळ वाफ्यात. एकच खोली, पण ऐसपैस. मी दुसरी छोटी खोली काढायला गेले तर त्यांनी पेन्सिल धरली. "ती नको. दुसरी खोली असली की कोणीतरी राहायला येतं."

हसून हसून पुरेवाट. नकाशातलं सगळ्यात सुंदर घर झालंय ते.

२० जुलै

एकटीचं घर गेलं. पाया खणायच्या आधीच! बिल्डरने फोनवर सांगितलं, "मॅडम, सासूबाई येऊन त्या घरासाठी स्वतःचं नाव नोंदवून गेल्या. तुम्हाला माहीत असेलच."

मला माहीत नव्हतं. नवऱ्यालाही नाही. तो चष्मा काढून नुसताच बसला आहे.

मी त्यांच्या खोलीत गेले. "आई, आमचं काही चुकलं का?"

"चुकायला कशाला हवं? इतकं छान घर काढलंस. त्यात राहणारं नको का कोणी?" माझ्या गालावर हात ठेवला त्यांनी. मातीचा वास होता हाताला. "अगं, रडतेस काय? या की तुम्ही दोघं. केव्हाही या."

मग माझ्या गालावरची माती पुसली.

"फोन करून या."